मॅडम, तुम्ही बावीस तास घालत नसाल

दात सरळ करायला एकामागून एक, दिवसाचे बावीस तास घालायचे ते पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे असतात ना, त्यातला शेवटचा ट्रे होता. शेवटचा! कधी एकदा संपतो म्हणून मी चवथीच्या आधीपासून डोळे लावून बसले होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून फोंड्याहून पणजीला आले, अठरा जून रस्त्यावर गाडीला जागा शोधत घिरट्या घातल्या, शेवटी सांतिनेजला कुठेतरी ती कोंबली आणि भर उन्हातून चालत क्लिनिक गाठलं. खुर्चीत बसले, आ वासला. डॉक्टरांनी आत डोकावलं आणि म्हणाले, "हम्म."

दाताच्या डॉक्टरचा "हम्म" ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

आरसा हातात दिला. "हा वरचा लॅटरल ट्रॅक होत नाहीये, बघा." लॅटरल म्हणजे पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा तो चिमुरडा. ट्रे घातला की त्याच्या टोकाशी फट राहते, आत हवा दिसते. आता ती फट मला दिसत नव्हती का? मीच तर दाखवली होती! तेव्हा उत्तर काय मिळालं? "च्युई चावा, बसेल." चावली. ती रबरी नळकांडी मी भाजी चिरताना चावली, गाडी चालवताना चावली, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चावली. रात्री जबडा ठणकायचा. दात काही जागचा हलला नाही.

आणि मग तो माणूस हातमोजे काढता काढता, अगदी सहज म्हणतो: "मॅडम, तुम्ही बावीस तास घालत नसाल."

दार उघडं होतं. बाहेर रिसेप्शनवरची मुलगी होती, एक आजोबा होते, आईबरोबर आलेला शाळकरी मुलगा होता. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गृहपाठ न केल्याबद्दल वर्गात उभं केलेलं शेवटचं कधी आठवतंय तुम्हाला? मला परवाचंच आठवतंय.

मी घालत नसेन? मी? मोबाईलवर गजर लावून जेवणारी बाई मी. चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसून अर्ध्यावर उठलेली बाई मी, का तर वेळ संपत आली होती. नवऱ्याला विचारा. तो म्हणतो, तू आजकाल बोलतेस कमी आणि दात घासतेस जास्त.

बरं, माझ्या शब्दावर विश्वास नको. ते अ‍ॅप आहे ना? दर आठवड्याला ते गाल फाकवायचं प्लास्टिक तोंडात कोंबून, लाळ गाळत, आरशासमोर उभं राहून फोटो काढायचे आणि पाठवायचे. सरळ, डावीकडून, उजवीकडून, ट्रे घालून, ट्रे काढून. आणि अ‍ॅपने दर आठवड्याला हिरवी खूण दिली. "छान चाललंय! पुढचा ट्रे घाला!" मग ती खूण कोण देत होतं? देवचार? त्या फोटोंत फट दिसत नव्हती? की माझे फोटो कोणी उघडून बघितलेच नाहीत? हे मी विचारलं. तर उत्तर नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने पाणी आणून दिलं.

आता पुन्हा स्कॅन. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले ते उंचवटे घासून काढायचे, नवे चिकटवायचे, नवा संच मागवायचा, आणि पुन्हा महिनोन्महिने तेच. "पॅकेजमध्येच आहे मॅडम, एक्स्ट्रा चार्ज नाही." उपकार झाले! नवी स्कूटर आली असती एवढे पैसे घेऊन झालेत, आता कसला एक्स्ट्रा? माझ्या महिन्यांचा चार्ज मी कोणाला लावू?

घरी आले आणि रागाने वाचत बसले. रागात कोणी भांडी आपटतं, मी वाचते. तर २००९ साली अमेरिकेत पुढच्या दातांवर एक अभ्यास झाला होता. कॉम्प्युटरवर दाताची जेवढी हालचाल ठरवली त्यातली प्रत्यक्षात किती झाली, हे मोजलं. सरासरी ४१ टक्के. आणि दात खाली ओढून आणणं, म्हणजे माझ्या लॅटरलला नेमकं जे करायचं होतं ते, त्यात सगळ्यात वाईट निकाल: तीस टक्क्यांच्याही आत. मग २०२० मध्ये पुन्हा मोजलं. मधल्या काळात प्लास्टिक बदललं, स्कॅनर आले, सगळं आलं. सरासरी ५० टक्के.

पन्नास! आमच्या वेळी पन्नास टक्के मिळवून घरी आलं तर बाबा जेवायला बसू द्यायचे नाहीत.

म्हणजे दुसरा संच लागणार हे या लोकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून तर तो पॅकेजमध्ये असतो! मग सरळ सांगा ना, बाई, तुझा दात हट्टी आहे, आमचं प्लास्टिक कमी पडलं, अजून थोडे महिने लागतील. मी काय मारणार होते? पण नाही. सुरुवातीला काय दाखवतात, तर ते अ‍ॅनिमेशन. गुलाबी हिरडीवर दात कसे सुळ्ळकन सरकत येतात आणि रांगेत उभे राहतात. माझ्या लॅटरलने तो व्हिडिओ पाहिलेला नाही, एवढाच काय तो माझा दोष.

विज्ञानाशी माझं भांडण नाही, हेही लिहून ठेवा. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मधे बारीक तंतूंचा थर असतो, एका बाजूने सतत दाबत राहिलं की पुढचं हाड झिजतं आणि मागे नवं भरतं. दाब सुटला की दात परत घराकडे निघतो. एक ट्रे फार तर पाव मिलीमीटर हलवतो. सगळं मान्य. बावीस तासही मान्य. माझं भांडण उरलेल्या दोन तासांशी आहे.

दोन तासांत दिवसभराचं खाणं, पिणं, दात घासणं. गोव्यात!

१९९७ साली कॅलिफोर्नियात एमबीए शिकलेल्या दोघांनी हा ट्रेंचा धंदा सुरू केला. दोघांपैकी एकही दाताचा डॉक्टर नव्हता, आणि दोघांपैकी एकानेही फोंड्यात संसार केलेला नव्हता. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत दारात येतो. गरम पोई, पातळ भाजी, चहा. पोई तोडायची म्हणजे पुढच्या दातांवरचे उंचवटे जीव मुठीत धरून बसतात. अकराला ऑफिसात चहा. दुपारी हुमण-भात, आणि माशाचे काटे काढत जेवणाऱ्या माणसाला "वीस मिनिटांत आटपा" असं ज्याने सांगितलं त्याला एकदा माझ्यासमोर वेर्ल्या खायला बसवा. चारला चहा आणि मिरची भजी. संध्याकाळी कोणाकडे गेलं की "चा घे गे" हे वाक्य उंबऱ्यातच. ट्रे घालून चहा प्यायचा नाही, गरमने प्लास्टिक वाकतं आणि साखर दाताला धरून बसते. फक्त पाणी, तेही साधं. म्हणजे प्रत्येक कपामागे कोपरा शोधा, ट्रे काढा, धुवा, डबीत ठेवा, प्या, चूळ भरा, घासा, पुन्हा दाबून बसवा. एका चहासाठी एवढं सोवळं तर आजीनेही पाळलं नसेल.

"नाही नको, आत्ताच घेतला" असं खोटं मी आता इतक्या सफाईने बोलते की नातेवाईकांत मी शिष्ट म्हणून प्रसिद्ध झालेय.

आणि हळद! पारदर्शक, कोणाला कळणारसुद्धा नाही, असं सांगून विकलेली वस्तू. दाताच्या रंगाचे उंचवटे म्हणे. पहिल्या खतखत्यानंतर ते उंचवटे कोणत्या रंगाचे झाले ते माझ्या चवथीच्या सगळ्या फोटोंत आहे. हे ज्या लोकांनी बनवलं ते बिचारे उकडलेला बटाटा खात असणार.

लग्नातली गोष्ट सांगायची राहिली. मार्दोळला हॉलच्या वॉशबेसिनपाशी, मागे हात धुणाऱ्यांची रांग, आणि मी तोंडात दोन बोटं घालून ट्रे उपसतेय. लाळेची एक तार नेहमीप्रमाणे बरोबर येते, तिचं काही करता येत नाही. मागून नवऱ्याची मावशी, हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात: "अगे, एवढ्यात कवळी बसवली तुला?" नाही मावशी, कवळी नाही, दात सरळ करायला. "अगे पण तुझे दात तर बरे होते!" आता हे वाक्य पैसे भरायच्या आधी कोणी का बोललं नाही? त्यानंतर जेवणाच्या टेबलावर अर्धा तास माझ्या दातांवर चर्चा. कोणाच्या तरी भाच्याने तारा लावल्या, कोणी अक्कलदाढ काढली, एक काका म्हणाले आम्ही बाभळीच्या काडीने घासायचो. काकांना पुढचे दोन दात नाहीत.

जत्रेच्या नाटकाचं तर बोलायलाच नको. दरवर्षी देवळासमोर उभी राहून घसा मोकळा करणारी मी, पहिल्या तालमीला ट्रे घालून गेले. माझ्या वाक्यात "स" किती आहेत हे तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. लेखकाने मुद्दाम भरल्यासारखे. "साक्षात सरस्वती" म्हणताना पुढच्या ओळीत पेटीवाल्याने चष्मा पुसला. दिग्दर्शक सभ्य माणूस, म्हणाले, "तुला यंदा रंगभूषेला घेऊ." आणि त्याच जत्रेत खाज्याच्या दुकानांसमोरून मी तोंड मिटून गेले. गूळ-आल्याचा वास येतोय, पोरंटोरं कडाकडा खाजं फोडतायत, आणि मला कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, जत्रेला जायचं तरी कशाला मग?

शाळेत असताना तारा लावल्या होत्या माझ्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी तारा काढल्या, पेढे घेतले, दात परत सरकू नयेत म्हणून एक रिटेनर दिला आणि म्हणाले, "वर्षभर घाल." वर्षभर! आताचे म्हणतात, आयुष्यभर रात्री घालायचा. मग वीस वर्षांपूर्वी काय आयुष्य छोटं होतं का? तेव्हा एक वाक्य नीट सांगितलं असतं तर आज मी मावशीच्या पुढ्यात लाळ गाळत उभी नसते.

एवढं सगळं आग पाखडून झालं आणि काल ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचे दात किती छान आहेत, काही केलंत का?" झालं. राग कुठल्या कुठे. मी तिला कॅन्टीनमध्ये बसवून ट्रे काढून दाखवला, डबी दाखवली, जुन्या स्कॅनचे फोटो दाखवले, कोणती पेस्ट वापरायची ते सांगितलं, आणि "शिस्त लागते गं, बावीस तास म्हणजे बावीस तास" असं अगदी त्या डॉक्टरच्याच सुरात सुनावलं. तिचा चहा निवला. मला कमिशन मिळायला हवं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की बघ, लोकांना दिसतंय. तो म्हणाला, "मग दुसरा संच कशाला? राहू दे ना तो एक दात." त्याच्याशी मी रात्रीपर्यंत बोलले नाही. तो लॅटरल तसाच ठेवून, त्या डॉक्टरला जिंकू देऊन, मी सोडणार? तोंडात प्लास्टिकची खाण झाली तरी चालेल, तो दात खाली आल्याशिवाय मी थांबणार नाही. यावेळी मी वहीत लिहिणार आहे. किती वाजता काढला, किती वाजता घातला, मिनिटांसकट. वही घेऊन जाईन आणि टेबलावर आपटेन. मग बोला म्हणावं बावीस तासांबद्दल.

स्कॅनला शुक्रवारी चार वाजता बोलावलंय. चारला! चहाच्या वेळेला! अठरा जून रस्त्याच्या आसपास त्या वेळी गाडी कुठे लावता येते ते कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि सांतिनेज सांगू नका.