दमा आहे हे सांगितलं नव्हतं का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी दम्याचा पंप आणि धडधडीची गोळी यावर लिहिलं होतं, की बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, दमा वाढवू शकतात आणि पंपही चालू देत नाहीत. त्यावर एका वाचकांची कमेंट आली. नाव इथे घेत नाही, कमेंट खाली आहेच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका. तीस वर्षं औषधांच्या लाइनीत काढलीत मी. आता बीटा ब्लॉकर सिलेक्टिव्ह मिळतात, माझे मेहुणे दमा असून बिसोप्रोलॉल घेतात, ठणठणीत आहेत. तुमचं वाचून कुणी गोळी बंद केली तर जबाबदार कोण? आणि तुम्ही दमा असल्याचं डॉक्टरांना वेळेवर सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती."

आधी एक सांगते. ताई म्हणायचं आणि त्याच दमात अर्धवट म्हणायचं, हे मला आवडलं नाही. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, पण समोरची बाई घरात बसून काहीतरी ऐकीव लिहिते असं गृहीत धरून बोलू नका. मी नऊ वर्षांची असल्यापासून दम्याची पेशंट आहे. आजीचा अडुळशाचा काढा, मग डेरिफायलीनच्या गोळ्या, मग कॅप्सूल फोडून ओढायचं रोटाहेलर, मग पंप, हे सगळं या छातीने बघितलंय. तुमची तीस वर्षं लाइनीतली, माझी चाळीसच्या वर आहेत आणि ती श्वासातली आहेत.

तुमचा एक मुद्दा मान्य. सिलेक्टिव्ह आणि नॉन-सिलेक्टिव्ह असा फरक मी लेखात केला नव्हता, सरसकट 'बीटा ब्लॉकर' लिहून गेले, ते चुकलंच. बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल ही सिलेक्टिव्ह, म्हणजे मुख्यतः हृदयावर काम करतात, नॉन-सिलेक्टिव्ह फुप्फुसावरही करतात, आणि डॉक्टर गरज बघून, कमी डोसपासून, लक्ष ठेवून काही दम्याच्या पेशंटना देतात. लेखात दुरुस्ती केली आहे. पण सिलेक्टिव्ह म्हणजे फुप्फुसाला अजिबात हात लावत नाही असं नाही, डोस वाढला की तो फरक कमी होत जातो. तुमच्या मेहुण्यांना मानवतंय, आनंद आहे. गोळी मनाने अचानक बंद करायची नाही, ठोके एकदम उसळतात, हेही आता लेखाच्या वर ठळक टाकलंय. झालं.

आता तुमचं शेवटचं वाक्य. "वेळेवर सांगितलं असतं तर." हे वाचून मला त्या रात्री झोप आली नाही, खरं सांगते.

२०१९ चा जानेवारी. दोन महिने अधूनमधून छातीत धडधड, हात थरथरायचे, जिना चढताना ठोका चुकल्यासारखं व्हायचं. जवळच्या एका दवाखान्यात गेले. बाहेर कंपाउंडरने नाव, वय, वजन लिहिलं. आत डॉक्टरांनी विचारलं, बीपी? नाही. शुगर? नाही. कुठली गोळी चालू आहे? मी म्हटलं, नाही. आणि ते खरं होतं हो! मी गोळी कुठलीच घेत नव्हते, मी पंप घेत होते. कित्येक वर्षं पर्समध्ये चष्म्यासारखा पडलेला पंप, तो 'औषध' आहे हे त्या क्षणी डोक्यातच येत नाही. आणि हो, मी "थंडीत दम लागतो" असंही म्हटलं होतं, आणि पैसे काढताना पर्समधला निळा पंप त्यांच्या टेबलावर काढून ठेवला होता. तो तिथे दोन मिनिटं होता, मग मी परत आत टाकला. मिळालं काय, तर प्रोप्रॅनोलॉल ४०, नॉन-सिलेक्टिव्ह बीटा ब्लॉकर.

रात्री जेवण झाल्यावर घेतली. दीडच्या सुमाराला जाग आली ती छातीतल्या शिट्टीने. पंप हलवला, दोन पफ. नेहमी पाच मिनिटांत सैल वाटायला लागतं, तर काहीच नाही. परत दोन. हे म्हणाले पंप संपला असेल, कपाटातून नवीन काढला, खोक्याचं प्लास्टिक फाडताना त्यांचे हात कापत होते, तो घेतला, तोही चालेना. नवाकोरा पंप चालत नाही म्हटल्यावर जी भीती वाटते ती मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही, कारण दम्याच्या माणसाचा सगळा धीर त्या डबीत असतो. तेव्हा मला माहीत नव्हतं की प्रोप्रॅनोलॉल फुप्फुसातले तेच दरवाजे अडवून बसतं ज्यातून पंपातलं सालब्युटामॉल काम करतं. पंप बिघडला नव्हता, त्याला आत जायला जागाच नव्हती.

हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर एक कोवळी मुलगी होती, डॉक्टर. तिने नेब्युलायझर लावता लावता पहिलाच प्रश्न विचारला, "आज नवीन काय घेतलंत?" यांनी खिशातून स्ट्रिप काढून दाखवली. तिने नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियमही घातलं, ते वेगळ्या वाटेने श्वासनळी उघडतं. पहाटे पाचला मी पूर्ण वाक्य बोलू शकले.

तर सांगा, मी काय सांगायचं राहिलं? तुम्ही औषधांच्या लाइनीत होतात ना, मग तुम्हाला माहीत असणार की प्रोप्रॅनोलॉल साठच्या दशकातलं औषध आहे, ज्यांनी ते शोधलं त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं, आणि दम्यात ते चालत नाही हे तेव्हापासूनचं जुनं ज्ञान आहे. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी विचारायचं की जिला माहीत नाही तिने सांगायचं? "कुठली गोळी चालू आहे" हा प्रश्नच अपुरा आहे. पंप घेता का, डोळ्यात काही घालता का, असं नाव घेऊन विचारलं तरच माणूस बोलतो.

डोळ्याचं उगीच म्हणत नाही. माझ्या आत्याला जुना दमा, तिला काचबिंदूसाठी टिमोलॉलचे ड्रॉप दिले. चार महिने खोकला, रात्री उशा लावून बसायची, सगळे म्हणाले वय झालं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय घालता? टिमोलॉलही बीटा ब्लॉकरच, डोळ्यातला थेंब नाकावाटे उतरून रक्तात जातो. डोळ्याच्या डॉक्टरांनी ड्रॉप बदलले, तीन आठवड्यांत खोकला बसला. आता तिलाही सांगा, वेळेवर बोलली असतीस तर! तिला काय ठाऊक डोळ्याचा आणि छातीचा संबंध?

माझी धडधड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे ठोके अनियमित पडणं; चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर मशीनमध्ये सापडलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला होता म्हणून डिल्टियाझेमच्या गोळीवर आहे, हृदय कमजोर असेल तर ते देत नाहीत. ते ठोक्यांचा वेग कमी करतं आणि श्वासनळीला त्रास देत नाही. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, चालतं. पंप जास्त लागला की ठोके वाढतात आणि पोटॅशियमही उतरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी रोजचा स्टेरॉइडचा पंप नियमित ठेवलाय, जेणेकरून निळा कमी लागेल. पूर्वीसारखं डेरिफायलीन घ्यायचं नाही असंही त्यांनी बजावलंय, त्याने ठोके बिघडू शकतात.

आणि पर्समध्ये एक चिठ्ठी आहे, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केलेली. दमा आहे. प्रोप्रॅनोलॉल, सोटॅलॉल, टिमोलॉल ड्रॉप नको. ठोके वाढून आणलं तर ते उतरवायला अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन देण्याआधी दमा लक्षात घ्या. खाली दोन्ही डॉक्टरांचे नंबर. कुठल्याही दवाखान्यात बसल्याबरोबर ती टेबलावर ठेवते, कुणी विचारो न विचारो. हे मी त्या रात्रीनंतर शिकले, आधी मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि लेख लिहिला तो एवढ्याचसाठी. लोकांना घाबरवायला नाही.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक करा. मेहुण्यांना फोन लावा आणि विचारा, बिसोप्रोलॉल कुणी लिहून दिलं, आणि त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना ते माहीत आहे का. ते काय म्हणाले ते इथे लिहा.