रात्री कुत्र्यांजवळ कोण असतं, एवढंच सांगा

डोकं फिरलंय आणि लिहिल्याशिवाय शांत होणार नाहीये, त्यामुळे लांबलं तर लांबलं.

पुण्यात कुत्रं ठेवायला जागा शोधलीये कधी? म्हणजे गावाला जायचंय, चार-सहा दिवस कोणीतरी सांभाळा, एवढंच. मी एप्रिलमध्ये तीन आठवडे शोधत होते. बावधन, पिरंगुट, उंड्री, वडकी, वाघोली, सगळीकडे फोन. सगळ्यांकडे लॉन आहे. सगळ्यांकडे स्विमिंग पूल आहे, म्हणजे हवा भरलेला निळा टब. सगळं 'केज-फ्री' आहे, 'होमली' आहे, माझी कुत्री खारी 'बेबी' आहे आणि मी 'मॉम' आहे. विशीतला पोरगा फोन उचलून मला 'हाय खारीज मॉम' म्हणतो. अरे बाबा, मी तिला सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेली बाई आहे, मला रेट सांग आणि रात्री तिथं कोण झोपतं ते सांग.

रेट लगेच सांगतात. ७०० पासून १२०० पर्यंत, दिवसाला, सीझनला वेगळा. रात्रीचं मात्र कोणी सांगत नाही. 'मॅम, ट्वेंटी फोर बाय सेव्हन सीसीटीव्ही आहे.' कॅमेरा उठून पाणी देणारे का? 'मॅम, आमची टीम असते.' टीममध्ये किती जण? 'डोन्ट वरी मॅम, सगळे डॉग लव्हर्स आहेत.' मी विचारतेय काय, हा सांगतोय काय.

आता तुम्ही म्हणाल बरोबर न्यायची ना. नणंदेचं लग्न जळगावला, मे महिन्यात. जळगावचा मे ज्यांनी बघितलाय ते पुढचं बोलणार नाहीत. कार्यालयात कुत्रं चालत नाही, आणि रेल्वेत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे बुक करा नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत घाला. सासूबाईंचं मत असं की देशी कुत्र्याला काय होतंय, वॉचमनला सांगून जा, दोन वेळ पोळी टाकेल. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलेली वाघोलीच्या पुढची जागा ठरली. इन्स्टाला मस्त रील, रिव्ह्यू सगळे पाच स्टार. रिव्ह्यू कोण लिहितं, मालक लिहितो, कुत्रं नाही लिहीत, हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं.

सोडायला गेलो तेव्हा ऑफिसात एसी, कॉफी, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. एक केनेल क्लब ऑफ इंडियाचं. मी पण भारावून बघत होते, नंतर घरी आल्यावर ट्यूब पेटली की ते कुत्र्याच्या वंशावळीच्या नोंदणीचं असतं, त्याचा बोर्डिंगशी काडीचा संबंध नाही. म्हणजे मी माझ्या आजोबांचा जातीचा दाखला भिंतीला लावून दवाखाना उघडण्यासारखं झालं. रजिस्ट्रेशनचं विचारलं तर शॉप ॲक्टचा कागद दाखवला. ब्रीडरसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे आहेत, पण ट्रेनर व्हायला परीक्षा नाही, परवाना नाही, उद्या आमचा इस्त्रीवाला 'सर्टिफाइड डॉग बिहेव्हिअरिस्ट' असा बोर्ड लावून बसला तरी कोणी विचारायला येणार नाही. इस्त्रीवाला निदान कपडे मोजून घेतो.

राहायची जागा बघायला मागितली. 'सॉरी मॅम, नवीन माणूस आत आला की बेबीज स्ट्रेस होतात.' आणि मी गप्प बसले. हे मी स्वतःला माफ करत नाहीये. बटाटे घेताना दहा वेळा उलटेपालटे करून बघते आणि इथं जीव ठेवून आले तर म्हणे ओके.

आणि त्या जागेच्या मालकानं लसीचं पुस्तकच मागितलं नाही. मी फाइलमध्ये घालून नेलं होतं, रेबीज, नाईन इन वन, केनेल कफ, सगळे स्टिकर लावलेले. तो म्हणाला 'अरे तुमच्यावर विश्वास आहे मॅम.' मला तेव्हा ते छान वाटलं! आता हिशोब करा, ज्यानं माझं पुस्तक बघितलं नाही त्यानं बाकीच्यांचं बघितलं असेल का? पार्व्हो म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणू, तो जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, नुसत्या फिनेलनं जात नाही, ब्लीच लागतं. केनेल कफ तर एकानं खोकलं की अख्ख्या शेडला. पुस्तक न मागणं हा विश्वास नाही, तो आळस आहे, आणि तो मला गोड बोलून विकला. मग दोन पानी इंग्रजी फॉर्म, पळालं, आजारी पडलं, मेलं, सगळी जबाबदारी कुत्र्याच्या मालकाची, म्हणजे माझी. केली सही.

सहा दिवस रोज एक व्हिडिओ यायचा, लॉनवरचा, दहा सेकंद. सीसीटीव्हीची लिंक उघडली की पण लॉनच. रात्री ११ ला उघडली तरी लॉन. अंधारातलं रिकामं लॉन. नवरा म्हणाला अगं झोपली असतील. तो तसाच आहे.

तर लग्न उरकलं, दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत पोचू म्हणून आम्ही रात्री ११ ला निघालो, नगर रोडनंच येत होतो, म्हटलं आता घरी जाऊन परत उद्या वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये कोण मरायला येतंय, एक दिवस आधी तर एक दिवस आधी, घेऊनच जाऊ. पावणेसहाला गेटवर. कुलूप. बाहेरून लावलेलं. आत भुंकण्याचा नुसता कल्लोळ आणि माणूस एक नाही. मालकाला फोन केले, उचलत नाही. आम्ही गाडीत बसून राहिलो आणि मला त्या गोंधळातनं खारीचा आवाज ओळखू येत होता, तो भुंकण्याचा नव्हता, ते जे बारीक कुईं कुईं असतं ना, न थांबणारं, ते.

८ वाजून १० मिनिटांनी एक मुलगा सायकलवर आला, हँडलला दुधाच्या पिशव्या. मला बघून चपापला. 'ताई, तुमचं तर उद्या होतं ना?' मी विचारलं रात्री इथं कोण असतं. बिचारा खरं बोलून गेला. 'कोण नाय ताई, मी साडेनऊला कुलूप लावून जातो, सर इथं राहत नाहीत.' किती कुत्री आहेत? 'आत्ता अठ्ठावीस.' आणि तू? 'मी एकटाच.'

साडेनऊ ते आठ. साडेदहा तास, २८ जीव, बाहेरून कुलूप. शॉर्टसर्किट झालं तर? दोघांची जुंपली तर? खारीच्या शेजारी एक ग्रेट डेन होता, त्या जातीत पोटाला पीळ पडतो, काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर संपलं. त्याच्या घरचे कुठेतरी मनालीत निवांत असतील, कॅमेऱ्यात लॉन बघत.

शेड मागे होती. पत्र्याची. मे महिन्यात पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं आणि हवाच तापलेली असेल तर ते पण जमत नाही. २८ पिंजऱ्यांना दोन पंखे, त्यातला एक बंद. एसी म्हणजे तो ऑफिसातला, आमच्यासाठी. खारीच्या पिंजऱ्याची कडी तुटलेली, बाइंडिंग वायरनं पिळून बांधलेली. पाण्याचं स्टीलचं भांडं उलटं पडलेलं, कोरडं. दाराच्या पत्र्यावर खालच्या बाजूला ओरखडेच ओरखडे, आणि तिच्या पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून तुटलेली. वायर सोडवायला त्या मुलाला दोन मिनिटं लागली आणि ती दोन मिनिटं ती माझ्याकडे बघत पण नव्हती, कोपऱ्यात तोंड घालून उभी.

त्या मुलावर माझा राग नाही. एकटा २८ पिंजरे धुतो, खायला घालतो, वर लॉनवर नेऊन व्हिडिओ पण तोच काढतो.

आता गळ्यावरचं. मानेभोवती केस गेलेली लाल रेघ. झालं काय, सोडताना मी बोलता बोलता बोलून गेले होते की ही पट्ट्याला ओढते फार. त्यावर साहेब म्हणाले 'सहा दिवसांत सरळ करतो, फ्री ऑफ कॉस्ट.' सरळ म्हणजे चोक चेन, ओढली की गळा आवळणारी साखळी. जाब विचारला तर दुपारी फोनवर लेक्चर, की मॅम कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला अल्फा, म्हणजे कळपाचा दादा, कोण ते दाखवावं लागतं. हे अल्फाचं पिल्लू मुळात आलं कुठून माहितीये? १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेलनं बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, कोंडलेल्यांची मारामारी होणारच. पुढे ज्या डेव्हिड मीचनं ही कल्पना लोकांपर्यंत नेली त्यानंच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलात कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पोरं. ज्यानं पसरवलं त्यानं मागे घेतलं, पण वाघोलीच्या पुढे बातमी पोचलेली नाही. आणि समजा लांडगा असेल पण, ही पार्किंगमध्ये जन्मलेली १७ किलोची खारी आहे, हिला चिकनचा एवढासा तुकडा दाखवला तर ती अख्खी सिंहगड रोडची ट्रॅफिक सोडून माझ्या पायाशी चालते, हे मला सांगता आलं असतं, कोणी विचारलं असतं तर. परवापरवापर्यंत मी केस बांधायला हात वर केला तरी ती मान खाली घालून बसायची. झालं सरळ.

घरी आणल्यावर आंघोळ घालताना गोचीड. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. ३० मोजल्या आणि मोजणं सोडलं. यात माझीही चूक आहे, तिचं महिन्याचं गोचिडीचं औषध लग्नाच्या गडबडीत आठ दिवस लांबलं होतं. पण ही तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत राहते, एकेक मादी हजारो अंडी घालते, इंग्रजीत तिला चक्क केनेल टिक म्हणतात, म्हणजे जागा साफ केली नाही की ती होणारच, हे धंद्यातल्या माणसाला माहीत नाही?

आणि गोचीड ताप लगेच दिसत नाही, ही यातली खरी ग्यानबाची मेख. साधारण एक ते तीन आठवडे काही नाही. खारी बाराव्या दिवशी जेवायची थांबली. खारी! जी चपलेचा पण नैवेद्य मानते. ताप १०४.५, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर लाल ठिपके. रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८,०००, असायला पाहिजेत दोन लाखांच्या वर. दोन दिवस सलाईन, मग २८ दिवस डॉक्सिसायक्लिन, ती गोळी चीजमध्ये लपवली की चीज खाऊन गोळी लादीवर ठेवणार. मालकाला रिपोर्ट पाठवला तर उत्तर काय, 'मॅम, आमच्याकडून गेली तेव्हा हेल्दी होती, तुमच्या एरियातून लागलं असेल.' बारा दिवसांनी कोण काय सिद्ध करणार. नवरा म्हणाला तक्रार कर. बघितलं. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आता मिसळ पण येत नाही. जनावर मारलं किंवा कायमचं अधू केलं तर न्याय संहितेचं ३२५ कलम आहे, पाच वर्षांपर्यंत, पण त्यासाठी ती मरायला नाहीतर अधू व्हायला पाहिजे होती.

जूनमध्ये सहकारनगरच्या एक काकू कळल्या, घरातच तीन कुत्री ठेवतात, तीनाच्या वर नाही. त्यांनी माझीच पाऊण तास उलटतपासणी घेतली. लसीचं पुस्तक पान न पान बघितलं, कशाला घाबरते, काय खात नाही, डॉक्टर कोण, ते बाहेरगावी असतील तर दुसरे कोण, आधी एक रात्र ट्रायलला ठेवा मग बघू. दाराला आतून दुसरं जाळीचं दार, एक उघडलं तरी बाहेर पळता येणार नाही असं. रात्रीचं मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, 'अगं माझ्याच खोलीत झोपतात, घोरतात मेली.' मला तिथं रडूच आलं. दिवाळीला त्या फुल आहेत. गणपतीच्या आधीच फुल झाल्या.

म्हणजे दिवाळीला मी घरी आणि नवरा एकटा जळगावला, फटाक्यांत मी तिला कुठेही ठेवणार नाही, सासूबाई जे बोलायचं ते बोलतील.

आणि हे सगळं आज का लिहितेय, तर सकाळी त्याच जागेचा मेसेज आला. 'दिवाळी स्लॉट्स फिलिंग फास्ट, अर्ली बुकिंगला १० टक्के ऑफ.' खाली व्हिडिओ. लॉन, आणि लॉनवर खारी. चोक चेन ताणलेली, कान मागे चिकटवलेले, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय आणि आवाज येतो 'सिट', आणि ती बसते. वर लिहिलंय 'ओन्ली सिक्स डेज!' खाली ४१२ लाइक, आणि कोणीतरी विचारलंय, किती घेता ट्रेनिंगचे.

व्हिडिओ काढा म्हणून लिहिलं. वाचलंय. उत्तर नाही. म्हणून त्या रेट विचारणारीला मी आत्ता वेगळा मेसेज केलाय, की ताई, आधी त्यांना विचार रात्री तिथं कोण असतं.