निळ्या गोळीनं वांझपण येतं म्हणे!

भाचीच्या कंपासपेटीत कागदात गुंडाळलेल्या, शाळेत मिळणाऱ्या चार निळ्या गोळ्या सापडल्या. रंग अर्धा उडालेला, म्हणजे बाईंसमोर तोंडात टाकून मागं जाऊन थुंकलेल्या. विचारलं तर म्हणाली, "आत्ती, त्या खाल्ल्या की पोरं होत नाहीत. मम्मीनंच दाखवलंय की मोबाइलवर."

वैनीच्या मोबाइलवर मेसेज होताच. बचत गटाच्या ग्रुपवर आलेला, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तो कुठून आला देव जाणे; महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर माणसं अडवतात, फॉरवर्ड कोण अडवणार? त्यात म्हटलंय ते असं: शाळेतली निळी गोळी हा लोकसंख्या कमी करण्याचा डाव आहे, म्हणून ती फक्त मुलींना देतात, सरकारी पॅडनं गर्भाशयाचा कॅन्सर होतो, पाळीचे वर्ग घेतले की पोरी बिघडतात, आणि 'परदेशी संशोधनानंच सिद्ध झालंय, या योजनांचा काडीचा उपयोग नाही.'

आधी गोळी. तिच्यात आहे काय? ॲनिमिया मुक्त भारत या रक्त वाढवण्याच्या सरकारी कार्यक्रमात १० ते १९ वयासाठी आठवड्याला एक निळी गोळी ठरलेली आहे: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. त्याच कार्यक्रमात गरोदर बाईला काय देतात बघा. लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. औषध तेच, माप तेच, वरचा रंग तेवढा वेगळा. आणि ती रोज एक, निदान १८० दिवस. धाकटा पोटात असताना वैनीनं याच लाल गोळ्या आशाताईंच्या मागं लागून घेतल्या होत्या. तो आता पहिलीत जाऊन पाट्या फोडतोय. फॉलिक ॲसिड तर मूल हवंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला दिवस राहायच्या आधीपासून देतात, बाळाचा मणका नीट घडावा म्हणून. तेच आठवड्यातून एकदा खाऊन पोरगी वांझ होणार?

आणि 'फक्त मुलींना' ही तर शुद्ध थाप. त्याच वर्गातल्या पोरांनाही तीच गोळी मिळते. हे भाचीलाच विचारलं असतं तरी कळलं असतं. कुणी विचारलं नाही.

एक खरं आहे, कबूल करते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. एकीला उलटी झाली की अख्खा वर्ग घाबरतो. म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर घ्यायची असते. हे आधी सांगितलं असतं तर असल्या मेसेजला निम्मे गिऱ्हाईक मिळाले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत ५४ होत्या. 'बघा, गोळ्या फुकट गेल्या' म्हणणाऱ्यांना हा आकडा आवडेल. पण शाळेतून वर पाठवलेल्या अहवालात जातात त्या वाटलेल्या गोळ्या, खाल्लेल्या नव्हे. कंपासपेटीतल्या चारही तिथं 'दिल्या' म्हणूनच लागल्या असणार.

आता ते परदेशी संशोधन. मेसेजात नाव नाही, पण असं एक आहे. नेपाळच्या चितवनमध्ये १९८ मुलींवर झालेलं, २०११ साली छापलेलं. निम्म्या मुलींना पाळीचा कप दिला, म्हणजे रक्त साठवणारा, धुऊन पुन्हा वापरायचा. शाळेच्या हजेरीत फरक पडला नाही. एवढं खरं. पण त्या मुलींची पाळीमुळं वर्षाला जेमतेम अर्धा दिवसच शाळा बुडत होती. शाळा मुळात बुडतच नव्हती, तर हजेरी वाढणार कुठून? कपडे धुण्याचा वेळ मात्र वाचला, तो मेसेजवाल्यानं गाळला. 'पॅड दिलं की पोरी शाळा सोडायच्या थांबतात' असं छातीठोक सांगणारेही मला पटत नाहीत. पण हजेरी हे एकच माप का? आमच्याकडं जुलैत कापड चार-चार दिवस वाळत नाही. गोठ्यातल्या दोरीवर, वर परकर टाकून, दमट तसंच परत वापरायचं. हजेरीपटावर ही पोरगी रोज 'हजर' असते.

वर्गांनी पोरी बिघडतात म्हणे. भारतातल्या १३८ अभ्यासांचा, ९७,०७० मुलींचा एकत्र आढावा २०१६ मध्ये आला. पहिली पाळी येण्याआधी ती काय असते हे जेमतेम निम्म्या मुलींना माहीत होतं. उरलेल्यांनी रक्त बघून काय समजायचं? मी स्वतः मार लागलाय समजून हळद लावायला गेले होते.

कॅन्सरचं थोडक्यात. २०२२ मध्ये टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं बाजारातल्या दहा पॅडमध्ये थॅलेटसारखी (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती) रसायनं सापडल्याचं सांगितलं. कंपन्यांना त्याचा जाब विचारायलाच हवा. पण पॅडनं कॅन्सर झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि दोष असलाच तर तो दुकानातल्या पॅडलाही लागतो. वैनी स्वतः तेच आणते.

मेसेजवाल्याला सरकारवर रागच काढायचा होता तर जागा होती. आमच्या कर्नाटक राज्याची, शाळेतल्या मुलींना फुकट पॅड द्यायची शुचि योजना २०१३ पासूनची. कोविडच्या काळात पॅड बंद झाले ते वर्षानुवर्षं बंदच, २०२४ ला परत सुरू. आणि भाचीच्या मराठी शाळेत पाळीची माहितीपत्रिका मिळाली ती पूर्ण कन्नडमध्ये. तिनं तिची होडी केली होती.