ते चालणारं प्रथिन 'आनंद' वाहत नाहीये

पाठीवर भलामोठा गोळा घेऊन दोरीवरून डुलत डुलत चालणाऱ्या इवल्याशा प्रथिनाची चित्रफीत तुमच्याही मोबाईलवर आली असेल. खाली ओळ असते: 'मायोसिन नावाचं प्रथिन एंडॉर्फिन ओढत मेंदूत नेतंय. तुम्ही आनंद बघताय!' एंडॉर्फिन म्हणजे वेदना कमी करणारं, बरं वाटायला लावणारं शरीरातलं रसायन. ओळ गोड आहे, पण जवळपास सगळीच चुकीची.

ते मायोसिन नाही, कायनेसिन आहे, म्हणजे पेशीत माल वाहणारं दुसरंच प्रथिन. पायाखालची 'दोरी' नीट बघा. ती पोकळ नळी आहे, मायक्रोट्यूब्यूल, साधारण 25 नॅनोमीटर जाडीची. मायोसिन चालतं अॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूवर, आणि तो जेमतेम 7 नॅनोमीटरचा. रूळच वेगळे, तर गाडी तीच कशी?

हे चित्रीकरणही नाही. 2006 साली हार्वर्ड विद्यापीठासाठी बनवलेलं ते अॅनिमेशन आहे, आणि त्यातली चाल जरा जास्तच ऐटबाज आहे. खरं कायनेसिन पाण्याच्या रेणूंचे धक्के खात हेलकावत असतं. एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) एक रेणू खर्ची पडला की मागचा पाय पुढच्याला ओलांडून 16 नॅनोमीटरवर पडतो आणि अख्खं प्रथिन 8 नॅनोमीटर पुढे सरकतं. अशी सेकंदाला शंभरेक पावलं. डुलायला वेळ कुठे आहे!

गोळा म्हणजे एंडॉर्फिन? बीटा-एंडॉर्फिन ही 31 अमिनो आम्लांची साखळी, कायनेसिनपुढे चिलटाएवढी. गोळा म्हणजे पटलाची थैली. अशा थैलीत एंडॉर्फिन असू शकतं, हे मान्य. पण ते पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटल्याशिवाय काही घडत नाही. हमालाला आतल्या मालाशी कर्तव्य नसतं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. या ओळीमुळे मोटर प्रथिनं, म्हणजे पेशीत हालचाल घडवणारी ही सगळी प्रथिनं, फक्त हमाल, असा समज होतो. डायनिन नावाचं मोटर प्रथिन कायनेसिनच्या उलट दिशेने, पेशीच्या केंद्राकडे माल नेतं (रेबीजचा विषाणू याच परतीच्या वाटेने मेंदू गाठतो), पण त्याचंच एक भावंड श्वासनलिकेतल्या केसलांना (पेशींवरच्या सूक्ष्म केसांना) वल्ह्यांसारखं हलवतं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर कफ साचत राहतो, आणि अशा सुमारे निम्म्या रुग्णांचं हृदय चक्क उजवीकडे असतं. कायनेसिनचाच एक प्रकार, कायनेसिन-5, पेशीविभाजनात पेशीच्या दोन ध्रुवांना (टोकांना) एकमेकांपासून दूर रेटतं. कायनेसिन-13 तर चालतच नाही, रूळच उखडतं.

आणि ज्याचं नाव फुकट वापरलं, ते मायोसिन? स्नायूंमध्ये ते जुडग्याने बसून अॅक्टिनचे तंतू ओढतं. ही ओळ पुढे ढकलताना तुमचं बोट हललं ना, ते त्याच्याच जोरावर.