‘टोलविरोधात कोल्हापूर उतरलं, मग तुम्हाला काय होतंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांच्या मागणीसाठी दसरा चौकात जे धरणं धरायचंय, त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘टोलविरोधात अख्खं शहर रस्त्यावर आलं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना एक दिवस दसरा चौकात यायला काय होतंय? नाहीतर रुग्णालाच खुर्चीवर बसवून आणा. आणि तुमची मागणीही मोघम आहे.’

टोलच्या वेळी दुकान बंद ठेवलं तर तोटा गल्ल्याला झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ते राहिलं की माकडहाडावर जखम धरते, आणि ती भरायला महिने जातात. नळीनं भरवायचं असेल तर त्यानंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवून लक्ष द्यावं लागतं. सलग मोकळा वेळ उरतो जेमतेम दीड तास. शहरालगतच्या पाचगावातून येणं-जाणं धरलं की चौकात बसायला पाऊण तासही मिळत नाही. संपाचं हत्यार या लोकांकडं नाहीच. काम थांबवलं तर झळ सरकारला लागत नाही, खाटेवरच्या माणसाला लागते.

म्हणून तयारी बदली माणसापासून सुरू करायची. ‘शेजारच्या काकू बसतील’ यावर विसंबलं की घोळ होतो. काकू येतात, पण नळीला हात लावायला घाबरतात आणि तासाभरात फोन करून बोलावून घेतात. बदली माणसानं आधी दोनदा घरी यावं. एकदा नुसतं बघावं, दुसऱ्यांदा आपल्यासमोर स्वतः करावं. औषधांच्या वेळा, शेवटची कूस कधी बदलली आणि डॉक्टरांचा नंबर, एवढं भिंतीवर लावून ठेवावं. कॉलेजची मुलं सोबतीला चांगली, पण नळी आणि औषध त्यांच्यावर सोडू नये.

धरणं अकरा ते एक, चाळीस मिनिटांच्या तीन पाळ्या. पोलिसांकडच्या अर्जात एका वेळी किती जण बसतील तो आकडा लिहावा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का, ते तारीख ठरवण्याआधी विचारावं. सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ आहे आणि रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तेव्हा स्पीकर नकोच. जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक चालू असली तर तासभर ताटकळावं लागतं. निवेदन द्यायला ज्यांचं सांभाळणं आता संपलंय असे चार-पाच जण पाठवावेत, आणि त्यांनी प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नये.

रुग्णाला आणायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं. विस्मरण झालेला माणूस गर्दीत बिथरतो, आणि चौकात त्याच्या शौचाची सोय कुठं करणार? जे येऊ शकत नाहीत त्यांच्या चोवीस तासांच्या कामाचा एकेक कागद, सहीसह, निवेदनाला जोडावा. ती हजेरीच आहे.

मागणी मोघम होती, हे मात्र कबूल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तिथंच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही आहे. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्र नसलेली थकलेली म्हातारी माणसं त्यातून सुटतात. पुढच्या निवेदनात दिव्यांगांसाठीचा भत्ता आणि प्रमाणपत्र नसलेल्या म्हाताऱ्यांसाठीची मदत, या दोन मागण्या वेगवेगळ्या कागदांवर लिहायच्या, म्हणजे एकीचं कारण दाखवून दुसरी बाजूला ठेवता येणार नाही.