थुंब्याची सायकल नेमकी कोणत्या सालची?

एखादं यान झेपावलं की तेच दोन फोटो पुन्हा फिरू लागतात. एकात सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक, दुसऱ्यात बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह. खालचा मजकूरही ठरलेला: ‘१९६३ मध्ये इस्रोनं पहिलं भारतीय बनावटीचं रॉकेट सायकलवरून नेलं आणि चर्चमधून उडवलं. पुढे ट्रकला पैसे नव्हते म्हणून उपग्रह बैलगाडीतून न्यावा लागला.’ केरळात तिरुअनंतपुरमजवळ असलेल्या थुंब्याच्या अंतराळ संग्रहालयाचा इतिहास शोधायला बसलं की हा मजकूर हमखास आडवा येतो. फोटो दोन्ही अस्सल आहेत. मजकुराचं तसं नाही.

‘इस्रोनं’ हा शब्द आधी निकालात काढू. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची. १९६३ मध्ये कारभार होता इन्कोस्पार या अंतराळ संशोधनाच्या राष्ट्रीय समितीकडे, आणि तिचे अध्यक्ष होते विक्रम साराभाई.

‘भारतीय बनावटीचं’ ही चूक जरा मोठी. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून उडालं ते नायकी-अपाची, अमेरिकेकडून आलेलं दोन टप्प्यांचं साउंडिंग रॉकेट, म्हणजे वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला सोडतात ते छोटं रॉकेट. त्यातलं पेलोड, म्हणजे प्रयोगाचं सामान, फ्रान्सचं. उंचावर सोडियमची वाफ सोडायची आणि तिचा ढग कसा सरकतो यावरून तिथल्या वाऱ्यांचा अंदाज घ्यायचा, असा तो प्रयोग. वेळ संध्याकाळची, कारण खाली अंधारून आलेलं असतं, पण वरच्या ढगावर ऊन पडतं आणि तो नारिंगी उजळतो. मग यात आपलं काय होतं? जागा आपली होती, आणि ती साधीसुधी नव्हती. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा, थुंब्याच्या अगदी जवळून जातं, म्हणून तर बाहेरच्या देशांना इथे यावंसं वाटलं. माणसंही आपली, नासाकडे प्रशिक्षण घेऊन आलेली. भारतात घडवलेलं पहिलं रॉकेट, रोहिणी आरएच-७५, उडालं नोव्हेंबर १९६७ मध्ये. व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच! खरी कमाई त्या मधल्या चार वर्षांत आहे, आणि हा मजकूर नेमकी तीच गिळून टाकतो.

आता सायकल. तो फोटो फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ मध्ये टिपला, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर तीन वर्षांनी. त्यात दिसतो तोही नुसता नोज कोन, रॉकेटचा हलका शेंडा. अख्खं नायकी-अपाची भरायचं सातशे किलोच्या घरात. ते कॅरिअरवर ठेवून पाहा! ते कसं नेलं हे अब्दुल कलामांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. रॉकेट ट्रकमधून नेलं. हातानं चालवायच्या हायड्रॉलिक क्रेननं लाँचरवर चढवताना ते कलू लागलं, क्रेनमध्ये गळती होती. उड्डाणाची वेळ जवळ आलेली, दुरुस्तीला सवड नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून अंगच्या ताकदीनं ते उचलून बसवलं. मला विचाराल तर सायकलीच्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी सरस.

‘चर्चमधून उडवलं’ यात निम्मं खरं आहे. सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये रॉकेट तळाचं पहिलं कार्यालय थाटलं, प्रार्थनेच्या खोलीत प्रयोगशाळा झाली, बिशपांच्या खोलीत आराखडे काढले जाऊ लागले. पहिल्या रॉकेटची जुळणीही चर्चच्या इमारतीतच झाली. लाँचपॅड मात्र वेगळं होतं, नाहीतर ट्रकची गरजच काय? शिवाय चर्चमधून रॉकेट सुटलं असतं तर छप्पर उरलं नसतं. त्याच छपराखाली १९८५ पासून संग्रहालय आहे.

राहिली बैलगाडी. तिचा थुंब्याशी काही संबंध नाही. तो उपग्रह ‘ॲपल’, बंगळुरूत तयार झालेला. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. ट्रकच्या धातूच्या सांगाड्यावरून रेडिओलहरी परावर्तित होतात आणि मोजमाप बिघडतं. लाकडी गाडीनं तो त्रास टळला. म्हणजे बैलगाडी तिथे चाचणीच्या सामानाचाच भाग होती. चाचण्या आटोपून ॲपल १९ जून १९८१ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान रॉकेटनं अवकाशात गेला.