नोट आहे, पण चालत नाही!

शांघायमध्ये आज पाचव्यांदा तेच! वाफाळत्या बाओंचं, म्हणजे सारण भरलेल्या पावांचं दुकान, पोटात कावळे, हातात शंभर युआनची करकरीत नोट. आणि दुकानदार मान हलवून भिंतीवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवतो. सुटे नाहीत म्हणे! अहो, नोटेवर तुमचाच माओ आहे ना? रोख नाकारू नका, असं तुमच्याच मध्यवर्ती बँकेनं २०१८ साली बजावलंय ना?

पैसे भरायच्या अ‍ॅपला परदेशी कार्ड जोडा, असं सगळे सांगतात. जोडायला बसले की! पासपोर्टचा फोटो द्या, चेहरा दाखवा, मग ओटीपी. तो येणार पुण्याच्या सिमवर, आणि ते सिम इथे मुकं पडलंय. आता काय करू? उपाशी राहू?

मेनूकार्ड मागा, क्यूआर. सायकल हवी, क्यूआर. रस्त्यावर रताळी भाजणाऱ्या आजींच्या गाडीवरही क्यूआर! बॅटरी संपली की माणसानं जायचं कुठे? हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, गूगल उघडत नाही. तिकडे आई काळजीनं जागी बसलीय. तिला मी जेवले म्हणून कळवू तरी कसं? आणि जेवले तरी कुठे?